भिंतीवरची मूल्यं

माझा मुलगा कॉलेजात गेला तेव्हा शाळेच्या पायऱ्या चढायचं माझं काम संपलं, असं मी धरून चाललो होतो. पण मागच्या महिन्यात भाचीचा फोन आला. "मामा, शनिवारी पेरेंट्स मीटिंग आहे. आईला नको सांगू, तूच ये."

भाची सहावीत. बहीण करंज्याला दिलेली, उरणच्या बाजारात मासळी घेऊन बसते. पोरीला इंग्रजी माध्यमात घातलीय आणि वर्षाची फी तिने सुरमई-पापलेटवर काढलीय, कुणाकडे हात न पसरता. तरी आईला का नको, हे पोरगी काही केल्या सांगेना. आधी म्हणाली, आईला वेळ नसतो. मग म्हणाली, आईला इंग्लिश येत नाही. शेवटी संध्याकाळी मोऱ्याच्या धक्क्यावर फिरायला घेऊन गेलो तेव्हा निघालं एकदाचं. गणिताच्या चाचणीत वर्गातल्या बऱ्याच पोरांना कमी मार्क पडले होते. बाई चिडल्या आणि म्हणाल्या, "अभ्यास करायचा नसेल तर सरळ सांगा, टोपली घ्या आणि मासळीबाजारात बसा." वर्ग हसला. वर्गात आणखी दोन मुलं अशी आहेत की ज्यांच्या आया खरोखरच तिथे बसतात. तीही हसली.

"आणि तू?" मी विचारलं.

"मी पण हसले," ती म्हणाली. खाली बघून.

तर मी गेलो. शाळेचं नाव इथे लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की लोक 'त्या' शाळेबद्दल बोलायला लागतात आणि आपापल्या मुलांच्या शाळेबद्दल निर्धास्त होतात. उरण, पनवेल, उलवे, द्रोणागिरी नोड, कुठेही जा, थोड्याफार फरकाने हीच शाळा भेटेल. आत शिरल्याबरोबर गारेगार रिसेप्शन, कोपऱ्यात काचेच्या टाकीत शोभेचे मासे (ते चालतात!) आणि समोरच्या भिंतीवर चकचकीत अक्षरांत शाळेचं व्हिजन, मिशन आणि कोअर व्हॅल्यूज. पाच होत्या. इंटिग्रिटी, एक्सलन्स, रिस्पेक्ट, कम्पॅशन आणि ग्लोबल सिटिझनशिप. तिसऱ्या क्रमांकावर रिस्पेक्ट. अर्धा तास बसवून ठेवलं होतं, त्यामुळे पाठ झाल्या.

बाई वाईट नव्हत्या, हे आधी सांगून टाकतो. पंचविशीतली पोरगी, बाहेरगावची, वर्गात पन्नासच्या आसपास मुलं, पगार किती मिळत असेल याचा अंदाज तुम्हा-आम्हाला आहेच. तिला ते वाक्य आठवतही नव्हतं. "मी जनरल बोलले असेन सर, मोटिव्हेशनसाठी." खरंच तसंच असेल. आणि खरं सांगायचं तर हे वाक्य त्या बाईचं नाहीच. माझे वडील मला म्हणायचे, शिकला नाहीस तर मिठागरात जाशील. ते स्वतः मिठागरात जात होते. आपल्याकडे बाप पोराला शिकवताना आधी स्वतःला कमी लेखतो. तेव्हा त्या बाईवर राग काढून मी काही मोठा तीर मारणार नाही.

माझं भांडण आहे ते त्या भिंतीशी.

कारण भिंतीवर मूल्यं लिहिण्याचा हा धंदा नवा नाही आणि फक्त इंग्रजी शाळांचाही नाही. नव्वदीच्या दशकात आपल्या सरकारने शाळांमध्ये मूल्यशिक्षणाचा परिपाठ आणला. दहा मूल्यं. ज्यांची मुलं तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत होती त्यांना आठवत असेल : राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, श्रमप्रतिष्ठा, वैज्ञानिक दृष्टिकोन, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा. यादी वाईट नाही. उलट त्या रिसेप्शनमधल्या पाचांपेक्षा मला ती कितीतरी जवळची वाटते, कारण श्रमप्रतिष्ठा हा शब्द तिच्यात आहे. ग्लोबल सिटिझनवाल्या भिंतीवर तो शोधूनही सापडत नाही. पण त्या दहांचं झालं काय? रोज सकाळी प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या, बोधकथा आणि मग वर्गात. परिपाठ संपला की मूल्यं संपली. मुलींनी वर्ग झाडायचा आणि मुलांनी बाकं उचलायची, हे स्त्री-पुरुष समानतेचा फलक टांगलेल्या भिंतीखालीच चालायचं. कित्येक ठिकाणी अजून चालतं.

शाळेचं खरं तत्त्वज्ञान कळायला फलक वाचू नये. वेळापत्रक बघावं, सहल कुठे जाते ते बघावं, गॅदरिंगला कोणाला प्रमुख पाहुणे बोलावतात ते बघावं आणि बाई चिडल्यावर काय बोलतात ते ऐकावं.

आता ही गंमत ऐका. याच शाळेत काही महिन्यांपूर्वी 'कम्युनिटी हेल्पर्स डे' झाला होता. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत, त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा गावातल्या जाणत्या माणसांच्या हाताखाली काम करून बघावं, अशी चांगली सूचना आहे. आमच्या शाळेने त्याचं काय केलं, तर फॅन्सी ड्रेस! मुलं डॉक्टर झाली, पोलीस झाली, सैनिक झाली. द्रोणागिरी नोडमधल्या एका टॉवरमधली मुलगी कोळीण झाली. नऊवारी भाड्याची, टोपली प्लास्टिकची, आत थर्माकोलचे मासे. तिला बक्षीस मिळालं. माझी भाची डॉक्टर झाली होती. तिच्या आईला, जी शाळेपासून दहा मिनिटांवर खऱ्या टोपलीमागे बसलेली होती, तिला कोणी बोलावलं नाही. बोलावलं असतं तर तिने पोरांना बोंबिलाचा ताजेपणा कसा ओळखतात ते दाखवलं असतं, पापलेटचा कल्ला उघडून दाखवला असता, आणि घाऊक भाव, बर्फाचा खर्च, संध्याकाळी उरलेल्या मालाचा तोटा असा नफा-तोट्याचा अख्खा धडा तोंडी घेतला असता. सहावीच्या गणितात नफा-तोटा असतो हो. पुस्तकातला फळवाला शेकडा अमुक नफ्याने फळं विकतो ते पोरं सोडवतात.

गणिताचा विषय निघालाच आहे तर सांगतो, कारण पोरगी गणितातच नापास झाली होती आणि नापास कशात, तर अपूर्णांकांच्या गुणाकारात.

माझे आजोबा शाळेत गेले नव्हते. पण भरती कधी भरणार ते त्यांना घड्याळाशिवाय कळायचं. हिशेब असा. आज तिथी कुठली? तिची पाऊणपट करा. जो आकडा येईल त्या वाजता, अर्धा तास इकडेतिकडे, भरती पूर्ण भरलेली असते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला. अष्टमीला आठ पाऊणे सहा. दुपारची तशीच रात्रीची, मध्ये साधारण साडेबारा तासांचं अंतर. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, त्या दिवसांत पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. जुन्या लोकांनी पावकी-निमकी-पाऊणकी पाठ केली ती काही हौसेने नव्हे. होडी चिखलात रुतू नये म्हणून!

तीन छेद चार गुणिले चार. हेच उदाहरण भाचीच्या पेपरात होतं, फक्त तिथे केक कापायचा होता. केकने तिला हरवलं. धक्क्यावर बसून मी तिला पाऊणकी सांगितली आणि म्हटलं, आज तिथी अमुक, सांग पाणी कधी भरणार. तिने बोटांवर करून सांगितलं. मग समोर बघितलं. पाणी होतं तिथे होतं. पोरगी माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मीच ते आणून ठेवलंय.

सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटीचा धडाच आहे. चंद्र, सूर्य, आकृती, सगळं व्यवस्थित. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि आजोबांचा पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं. मग आजोबा पाच मिनिटांनी चुकले का? चुकले तर पंधरवड्यात किती? तिथी आणि तारीख एकच का? या एका प्रश्नावर आठवडाभर वर्ग चालेल. समुद्र शाळेच्या गच्चीवरून दिसतो. पण धडा वाचून होतो, स्वाध्याय लिहून होतो, 'गाळलेल्या जागा भरा' भरून होतात. वैज्ञानिक दृष्टिकोनासाठी सायन्स एक्झिबिशन असतं आणि त्यात दरवर्षी कोणीतरी खायचा सोडा आणि व्हिनेगर घालून ज्वालामुखी उडवतो. त्याला कोणी सांगत नाही की बाळा, तू ज्या जमिनीवर उभा आहेस तीच लाव्हाची आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. समोरची घारापुरीची लेणी त्याच काळ्या कातळात कोरलीत. घारापुरी आपल्याच तालुक्यात आहे हे वर्गातल्या किती मुलांना माहीत आहे, असं मी त्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ती मुंबईला ना? सहल मात्र वॉटर पार्कला जाते, हे सांगायला नकोच.

आणि साडेबारा टक्के! उरणमध्ये शेंबडं पोरसुद्धा हा शब्द ऐकत मोठं होतं. जमिनी गेल्या, नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरणमधली ९५ गावं सिडकोच्या नकाशात आली, मग जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात शेतकरी रस्त्यावर उतरले, दि. बा. पाटील पुढे होते, १६ आणि १७ तारखेला गोळीबार झाला, पाच जण गेले. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं. साडेबारा टक्के म्हणजे आठवा हिस्सा. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, त्याचे पाच. त्यातून सार्वजनिक सोयींसाठी तीस टक्के कापले की हातात पडतात साडेतीन. शेकडेवारीची शेकडेवारी. यापेक्षा जिवंत उदाहरण कुठल्या गाईडात सापडणार? हे उदाहरण फळ्यावर घातलं तर वर्गातलं निम्मं पोरगं घरी जाऊन विचारील, बाबा आपले किती गेले, किती आले? आणि मग इतिहास, नागरिकशास्त्र, गणित एकाच बैठकीत होईल. पण तसं होत नाही. दिबांचं नाव पोरांना माहीत आहे, ते विमानतळाच्या नावाच्या आंदोलनामुळे. त्यांचं नाव का द्यायचं, ते नाही.

चिरनेरचंही तेच. २५ सप्टेंबर १९३० ला अक्कादेवीच्या रानात जंगल सत्याग्रह झाला, साध्या शेतकऱ्यांवर आणि आदिवासींवर गोळ्या चालल्या. दरवर्षी त्या दिवशी हुतात्म्यांना मानवंदना होते. शाळेतून चिरनेर किती लांब? एसटीने जा, रिक्षाने जा, सकाळी निघून दुपारच्या जेवणाला परत. राष्ट्रभक्तीसाठी मात्र शाळेत पंधरा ऑगस्टला हिंदी सिनेमाच्या गाण्यावर नाच बसवतात.

इतकं सगळं मी मुख्याध्यापिका मॅडमना सांगितलं. (इतकं नाही. निम्मं. उरलेलं घरी येताना सुचलं, नेहमीप्रमाणे.) त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, पालकांना हेच हवं असतं. तुमच्या सिस्टरनेसुद्धा मुलीला इथे कशाला घातलं? मासे विकायला लागू नये म्हणूनच ना?"

याला उत्तर द्यायला पाहिजे, कारण हा प्रश्न खोटा नाही.

शेजारचे एक काका, बंदरातून रिटायर झालेले, त्यांनीही मला हेच ऐकवलं. मग काय पोरांनी जाळीच विणत बसायचं? तुमचा मुलगा कॉलेजात आणि दुसऱ्यांच्या पोरांना पाऊणकी! ही शंका जुनी आहे. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली, हस्तोद्योगातून शिक्षण, तेव्हाही अनेकांना वाटलं की गरिबाच्या पोराला चरख्याला बांधून ठेवायचा हा डाव आहे. श्रीमंताची पोरं बॅरिस्टर होणार आणि आमची सूत काढणार. ज्यांच्या शंभर पिढ्या जातीच्या धंद्याला बांधलेल्या होत्या त्यांना असं वाटलं तर त्यात चूक काय? मलाही आजोबांच्या होडीचं भारी कौतुक आहे, पण मी काही होडीवर गेलो नाही. ऑफिसात बसलो. तेव्हा होडीची गाणी गाण्याचा मला फारसा अधिकार नाही, हे कबूल.

शिवाय होडी तरी कुठे राहिलीय? १९८९ ला न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं. त्याच्यासाठी मिठागरं गेली, भातशेती गेली, खाड्या बुजल्या. पोरांनी परंपरागत धंदा करावा म्हटलं तरी करायचा कुठे?

पण मी म्हणतोय ते वेगळं आहे. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे निवेदन दिलं. त्यात निदान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा असं ते म्हणतात, म्हणजे आपल्या सहावी-सातवीपर्यंत. त्याच निवेदनात शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत आणि शिकवण्यात शेतीचं प्राथमिक ज्ञान असावं, असंही आहे. फुले काही शेतकऱ्याच्या पोराला शेतातच ठेवायला निघाले नव्हते! त्यांना कळलं होतं की शिकवणारा जर पोराच्या बापाच्या कामाला तुच्छ मानत असेल, तर पोरगं एक तर शाळेपासून तुटेल नाही तर बापापासून. माझी भाची शाळेपासून तुटली नाही. हुशार आहे, पुढे जाईल. ती दुसरीकडून तुटायला लागली आहे आणि त्याची फी तिची आईच भरते आहे.

बरं, हे जमत नाही असंही नाही. कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, भोवतालच्या जगण्यातून अभ्यास उभा केला. डहाणूकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांमागे शाळा घेऊन कुरणात गेल्या. त्यासाठी गारेगार रिसेप्शन लागलं नाही. आणि कायदाही काही वेगळं सांगत नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा अभ्यासक्रम राज्यघटनेतल्या मूल्यांना धरून असावा म्हणतो, मूल भीतीतून मोकळं व्हावं म्हणतो, शक्य तिथवर मातृभाषेतून शिकावं म्हणतो. मुलाचा मानसिक छळ करायला तर सरळ बंदी आहे. वर्गासमोर आईच्या धंद्याची थट्टा कुठल्या कलमात बसते हे वकिलांनी ठरवावं.

तिसरीत आपल्याकडे परिसर अभ्यासात जिल्हा शिकवतात. सहावी आली की विज्ञान, इतिहास, भूगोल वेगळे होतात आणि परिसर कुठेतरी गळून पडतो. नेमक्या अकरा-बारा-तेरा या वयात, जेव्हा पोरांना आपण कोण, आपले आईबाप कोण, लोक आपल्याकडे कसे बघतात हे पहिल्यांदा टोचायला लागतं. लहान असताना भाची आईच्या टोपलीशेजारी बसून गिऱ्हाइकांशी घासाघीस करायची, आगरीत. "पानी आयला" म्हणायची. आता "वॉटर आलं" म्हणते आणि आईचं बोलणं सुधारते. आम्ही सगळे कौतुकाने हसतो. मीही हसलोय. मघाशी भिंतीशी भांडण आहे म्हणालो, त्या भिंतीची एक बाजू आमच्या घराकडूनच बांधलेली आहे.

निघताना मॅडमना एकच विनंती केली. पुढच्या वेळी दप्तराविना दिवस करालच, तेव्हा फॅन्सी ड्रेस नको, एक तास माझ्या बहिणीला वर्गात बोलवा. खरी टोपली घेऊन. वास येईल, एवढं सहन करा. त्या हसल्या, म्हणाल्या मॅनेजमेंटला विचारून कळवते. वहीत लिहूनही घेतलं. अजून कळवलेलं नाही.

बहिणीला हे सगळं मी सांगितलं नव्हतं. पोरीनेच सांगितलं, रात्री, जेवताना. बहीण काही बोलली नाही, माशातला काटा काढत राहिली. मग मला म्हणाली, पुढची मीटिंग कधी आहे? मी सांगितलं, येत्या शनिवारी, अकराला. बाजाराची ऐन वेळ. भाची मान खाली घालून भात कालवत होती. बहीण म्हणाली, बघते.